नवतप्यात उघडलेला लॅपटॉप

दुपारी पावणेदोनला स्क्रीन काळी झाली.
त्याआधी आकडा पाहिला होता, पंच्याण्णव.
बाहेर गोळीबार चौकात सेहेचाळीस.
मी बेशातल्या एका फ्लॅटमध्ये ऊन पाडत होते,
अजून पायाही न खणलेल्या इमारतीचा सहावा मजला,
पूर्वेची खिडकी, सोफ्यावर सकाळची तिरीप.
बिल्डरला कोवळं ऊन हवं होतं.
कोवळ्या उन्हानंच कार्ड फार तापतं.

लॅपटॉप नऊ वर्षांचा, सेकंडहँड.
कीर्तिराज हैदराबादला जाताना विकून गेला,
झाकणावरच्या लाल ड्रॅगनसकट,
आणि खेळून खेळून पुसल्या गेलेल्या चार अक्षरांसकट.
रात्री मीही त्याच चार बटणांवर गाड्या उडवते.

बाबा खाटेवर पडले होते.
तीस वर्षं लोकांचे कूलर.
गेल्या मे महिन्यात मानकापूरच्या एका गच्चीवर
ताट्या बदलता बदलता कोसळले.
डॉक्टर म्हणाले, अकरा ते पाच घरात.
ते अकरा ते पाच घरात असतात,
फोन वाजत नाही तोवर.

"काय झालं वं?"
"गरम होऊन बंद पडून रायला."
"खोल."

बारा स्क्रू. तेरावा रबरी पायाखाली,
तो त्यांनीच नखानं शोधला.
सगळे चिवड्याच्या बरणीच्या झाकणात.
पंख्याच्या तोंडाशी धुळीची राखाडी पट्टी,
आमच्या घरी माग होता तेव्हाही
इतकं घट्ट कापड निघालं नसेल.
बाबांनी ती चिमटीत धरून उजेडात नेली.
"ताटीच जाम हाय. पंखा काय करन बिचारा."

तांब्याच्या नळ्या उचलल्या.
खालची पेस्ट वाळून चुना झालेली,
तंबाखूच्या डबीच्या तळाला राहतो तसा.
स्पिरिट, कापूस, आणखी कापूस.
शेवटी चिप आरशासारखी निघाली,
तिच्यात छताचा पंखा दिसला, इवलासा, उलटा फिरणारा.

पहिल्यांदा पेस्ट जास्तच लावली,
गरम पोळीवर तूप लावावं तशी.
आवळून, झाकून, चालू करून पाहिलं :
सत्त्याण्णव.
मी काही बोलले नाही.
बाबा हसले, खाट करकरेपर्यंत.
"वंगण चोपडते तसं चोपडलं तू."

पुन्हा तेरा स्क्रू.
आतला चार नंबरचा तिरपा बसला होता, तेव्हा कळलं.
या वेळी मसुराएवढा एक थेंब.
निळी पॅड कोपऱ्यात फाटलेली,
नवी मिळेल सीताबर्डीला,
आणि या उन्हात सीताबर्डी म्हणजे दुसरा देश.
जुनीच सरळ करून बसवली.

मग सेटिंगमध्ये जाऊन कार्डाचा वेग जरा बांधला.
"हे काय केलं?"
"कमी पय म्हटलं त्याले. वय झालं."
"अन् काम?"
"होते. उशिरा होते."
बाबा माझ्याकडे पाहत राहिले.
मी कार्डाबद्दलच बोलत होते.
बहुतेक.

शहात्तर. एक्याऐंशी. एक्याऐंशी.
सहाव्या मजल्यावर ऊन पुन्हा दाणा दाणा जमू लागलं.
बाबांनी बाजूच्या जाळीला तळहात लावला, मीही लावला.
"बाबा, आधीपेक्षा गरम हवा येऊन रायली."
"मंग? बाहेर येऊन रायली म्हंजे आत रायली नाई."

तेवढ्यात फोन. झिंगाबाई टाकळीहून.
परातेभाऊ, पंप बंद पडला, घरात बाळंतीण आहे.
बाबांनी दाराकडे पाहिलं.
दाराच्या फटीतून ऊन पात्यासारखं आत आलेलं.
"पाचले येतो," म्हणाले.
जरा थांबले.
"बरं, साडेचार. तोवर तिच्या खोलीत वल्ली चादर टांगा."

फोन ठेवला. चपला मात्र शोधल्या नाहीत.
झाकणात एक स्क्रू उरला होता.
दोघांनीही पाहिला.